ग्लॉस्टर ग्लॅडिएटर: 1937 साली दुपंखी लढाऊ विमान दाखल का झालं?

नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की लंडनला मुलीकडे गेला होतात तेव्हा आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये ग्लॉस्टर ग्लॅडिएटर पाहिलंत, आणि त्याच फेरीत स्पिटफायरही. घरी येऊन तारखा ताडून पाहिल्यात, तर स्पिटफायरचं पहिलं उड्डाण 5 मार्च 1936 चं आणि ग्लॅडिएटर स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं फेब्रुवारी 1937 मध्ये. नवं एकपंखी विमान उडून वर्ष होत आलं असताना तारा आणि कापडाचं दुपंखी (एकावर एक दोन पंखांचं) विमान भरती करणं ही घोडचूक नव्हती का, वैमानिकांच्या जिवाशी तो खेळ नव्हता का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातलं माल्टा बेट तीन ग्लॅडिएटरनी वाचवलं ही गोष्ट खरी की रचलेली, हाही प्रश्न आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, विमान दुरुस्तीतला माणूस आहे. फ्लाइंग क्लबात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा हाताखाली पुष्पक आणि दुपंखी टायगर मॉथ ही शिकवणीची विमानं होती. लायसन मिळाल्यावर पुढची बरीच वर्षं प्रवासी जेटवर गेली. ग्लॅडिएटरला मी हात लावलेला नाही. इंग्लंडमधल्या शटलवर्थ संग्रहातलं ओल्ड वॉर्डनला उडताना मात्र पाहिलंय. दुपंखी विमानाच्या तारा ओढून पंख सरळ करणं, पंखावर कापड चढवणं, ते शिवणं ही कामं मी स्वतः केली आहेत, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

आधी प्रश्नच थोडा वेगळा मांडू या. ‘दुपंखी की एकपंखी’ अशी निवड त्या वेळी कुणासमोर नव्हती. समोर होतं ते असं: आज कोणतं इंजिन भरवशाने चालतं, आपल्या कारखान्यातल्या कारागिरांना काय बनवता येतं, आणि शंभर-दोनशे विमानं किती महिन्यांत हातात पडतील? म्युझियममध्ये दोन विमानं शेजारी दिसतात, म्हणून वाटतं की दोन्ही एकाच वेळी दुकानात मांडलेली होती. तशी ती नव्हती.

ब्रिटिश हवाई मंत्रालयाने 1931 मध्ये नव्या लढाऊ विमानाची मागणी काढली. तिचा क्रमांक एफ 7/30. चार मशीनगन हव्यात, दिवसा-रात्री दोन्ही वेळा वापरता यावं, उतरण्याचा वेग कमी हवा, चढण्याचा जास्त. रोल्स-रॉइसचं गॉसहॉक इंजिन वापरलंत तर बरं, असंही सुचवलं होतं. सगळी भानगड इथेच आहे. गॉसहॉक थंड करण्याची पद्धत वाफेची होती: इंजिनातलं पाणी दाबाखाली तापवायचं, त्याची वाफ पंखाच्या पुढच्या कडेत नेऊन परत पाणी करायचं आणि ते इंजिनाकडे परत आणायचं. कागदावर उत्तम, कारण बाहेर लोंबणारा रेडिएटर वाचतो. पण पंखातून परत येणारं पाणी उकळण्याच्या बेतात असतं. विमान वर चढतं तसा हवेचा दाब उतरतो, पाणी आणखी कमी तापमानाला उकळतं आणि पंपात पाण्याऐवजी वाफ शिरते. पंपात वाफ शिरली की पंप नुसता फिरतो, ओढत काहीच नाही. शेतावरच्या मोटारीत हवा शिरल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल.

या मागणीसाठी सुपरमरीन कंपनीच्या आर. जे. मिचेल यांनी टाइप 224 नावाचं विमान केलं. ते एकपंखी होतं, धातूचं होतं, आणि गॉसहॉकवर चालायचं. फेब्रुवारी 1934 मध्ये उडालं. वेग भरला ताशी 367 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तेव्हा सेवेत येऊ घातलेल्या ग्लॉस्टर गाँटलेट या दुपंखी विमानाइतकाच. चढायला मंद, आणि इंजिन सारखं तापायचं. याच मागणीसाठी केलेलं ब्लॅकबर्न कंपनीचं विमान तर धावपट्टीवर पळालं पण जमिनीवरून उठलंच नाही. हेच मिचेल पुढे स्पिटफायर करणार होते, पण 1934 मध्ये त्यांचं एकपंखी विमान हरलेलं होतं. पंख एक केला म्हणून विमान आपोआप वेगवान होत नाही, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

त्याच सुमारास ग्लॉस्टर कंपनीचे मुख्य डिझायनर हेन्री फोलंड यांनी सरकारी पैशाची वाट न पाहता, कंपनीच्या खर्चाने, हातातल्या गाँटलेटवरच काम सुरू केलं. गाँटलेटला दोन पंखांमध्ये प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन जोड्या होत्या. फोलंडनी एक जोडी काढून टाकली. खांब गेले तशा त्यांच्या ताराही गेल्या. चाकांचे आडवे दांडे आणि टेकू काढून एकेका पायावर चाक आणलं, आणि धक्का सोसणारी स्प्रिंग डाउटी कंपनीच्या युक्तीने चाकाच्या पोटातच बसवली. इंजिन घेतलं ब्रिस्टल मर्क्युरी: नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले, हवेने थंड होणारं. पाणी नाही, वाफ नाही, पंप नाही. 12 सप्टेंबर 1934 रोजी वैमानिक गेरी सेयर यांनी हा नमुना, एसएस 37, पहिल्यांदा उडवला. जुलै 1935 मध्ये 23 विमानांची पहिली मागणी आली आणि नाव पडलं ग्लॅडिएटर.

लोक दुपंखी विमान म्हटलं की लाकूड समजतात, म्हणून एक खुलासा. ग्लॅडिएटरचा सांगाडा धातूचा आहे. स्पार (पंखातल्या मुख्य तुळया) पोलादी, धड पोलादी नळ्यांचं, पुढच्या भागावर पत्रा, आणि मागच्या धडावर नि पंखांवर कापड. बंद कॉकपिट असलेलं आरएएफचं हे पहिलं लढाऊ विमान, आणि दुपंखी म्हणून शेवटचं. चारही पंखांच्या मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली झुकवायच्या झडपा, होत्या. बंदुका चार: दोन धडात, दोन खालच्या पंखांखाली. पंखाखालच्या बंदुकीचं महत्त्व चटकन लक्षात येत नाही. आधीच्या विमानांत बंदुका कॉकपिटजवळच ठेवत, कारण त्या अडकायच्या आणि वैमानिकाला हात घालून मोकळ्या कराव्या लागायच्या. न अडकता चालणारी ब्राउनिंग मशीनगन मिळाल्यावर बंदूक हाताच्या टप्प्याबाहेर बसवण्याची हिंमत झाली. हरिकेन आणि स्पिटफायर या पुढच्या एकपंखी विमानांच्या पंखांत आठ-आठ बंदुका गेल्या त्या याच भरवशावर.

आता वेगाचं. इथे दोन आकडे शेजारी ठेवा. एसएस 37 ला सुरुवातीचं मर्क्युरी 530 अश्वशक्तीचं होतं आणि वेग मिळाला ताशी 380 किलोमीटर. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ग्लॅडिएटरला मर्क्युरी 9 मिळालं, साधारण 830 अश्वशक्तीचं, आणि वेग झाला 407. शक्ती दीडपटीहून जास्त झाली, वेग वाढला सात टक्के. यात बंदुका, रेडिओ आणि इतर सामानाच्या वजनाचा वाटा आहेच, पण मूळ कारण हवेचा अडथळा. वेग वाढवायचा तर शक्ती वेगाच्या घनाच्या हिशेबाने लागते, आणि दोन पंख, खांब, तारा, बाहेर लटकणारी चाकं असली की हा हिशेब फार लवकर महाग होतो. नोव्हेंबर 1935 मध्ये हॉकर हरिकेनचा नमुना उडाला, हजाराच्या आसपास अश्वशक्तीवर, आणि वेग मिळाला 507. म्हणजे ग्लॅडिएटरमध्ये फोलंडनी दुपंखी रचनेतून निघण्यासारखं सगळं काढून घेतलं होतं. मोठं इंजिन बसवूनही पुढे फारसं जाता येणार नव्हतं.

मग दुपंखी रचना तोपर्यंत टिकली कशी? याचं उत्तर मला टायगर मॉथने शिकवलं. दोन पंख, मध्ये खांब, आणि तिरप्या तारा मिळून एक पेटी तयार होते. उडताना वरच्या दिशेचा भार एका जोडीच्या तारा घेतात, त्यांना आम्ही फ्लाइंग वायर म्हणतो. जमिनीवर पंखांचं वजन दुसऱ्या जोडीच्या तारा घेतात, त्या लँडिंग वायर. भार तारांवर गेल्यामुळे पंख पातळ आणि हलका ठेवता येतो. एकपंखी विमानात हा सगळा भार पंखाला स्वतःच्या जाडीत पेलावा लागतो, आणि त्यासाठी स्पार आणि पत्र्याचं काम फार नेमकं लागतं. ते शिकायला कारखान्यांना वेळ लागला.

या तारांचं काम कसं नाजूक असतं ते सांगतो. विमान हँगरमध्ये पातळीत उभं करायचं, पंखावरून ओळंबा सोडायचा, कोनमापक लावायचा, आणि तारेचं टोक अर्धा आटा, पाव आटा असं फिरवत पंख जागेवर आणायचा. एक तार घट्ट केली की दुसरी सैल होते, म्हणून सगळ्या भोवती फिरत राहायचं. तारा आडव्या छेदात गोल नसतात, चपट्या, माशाच्या अंगासारख्या असतात, आणि त्यांची धार वाऱ्याच्या रेषेत यावी लागते. शिकाऊ असताना मी एक तार बरोबर ताणली, पण धार किंचित तिरकी ठेवून नट आवळला. विमान चाचणीला गेलं आणि वैमानिक उतरून म्हणाला, डावीकडची एक तार गातेय. आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी माझं बोट तारेवर ठेवलं, तार टिचकीने वाजवली आणि ती कशी थरथरते ते दाखवलं. असाच थरथराट शेकडो तास चालला तर तार टोकाशी, आट्यांच्या मुळाशी तुटते. दोन तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या घासू नयेत म्हणून मध्ये एक छोटा ठोकळा बसवलेला असतो. पुढच्या वेळी म्युझियममध्ये गेलात तर तो जरूर पाहा.

कापडाचीही तीच गोष्ट. पंख उभा करून दोन माणसं दोन बाजूंना बसायची. मेण लावलेला दोरा, वीतभर लांब सुई. मी सुई आत घालायची, ती दिसेनाशी व्हायची, पलीकडच्याने ओढून रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीच्या) दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. अशी रिबमागून रिब. मग वर पट्टी, आणि डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचे, हात. डोपला पिकलेल्या केळ्यासारखा उग्र वास येतो, कपड्यांतून दोन दिवस जात नाही. पावसाळ्यात आम्ही डोप लावायचो नाही. हवा दमट असली की डोप वाळताना पांढरा पडतो, आणि तसं कापड हवं तेवढं ताणत नाही, ताकदही धरत नाही. पण कापडाला भोक पडलं तर? फाटलेल्या कडा नीट करायच्या, टाके घालायचे, वर कातरलेल्या कडेचं ठिगळ, डोप, वाळू द्यायचं. हवा कोरडी असेल तर दुसऱ्या दिवशी विमान उडतं. पत्र्याच्या पंखाला भोक पडलं तर रिव्हेट उखडा, आतून तुकडा बसवा, परत रिव्हेट मारा. कारागीर वेगळा, हत्यारं वेगळी, वेळ वेगळा. युद्धात आडबाजूच्या तळावर हा फरक फार मोठा असतो. नळीला गोळी लागली तर ग्लॅडिएटरलाही सोपं नव्हतं, आणि डोप लावलेलं कापड भडकून पेटतं हेही विसरू नका. इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच होती.

तुमच्या तारखांकडे परत येतो. नमुना उडणं आणि स्क्वाड्रनमध्ये विमान येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 72 स्क्वाड्रनला टँगमीर तळावर ग्लॅडिएटर मिळाली फेब्रुवारी 1937 मध्ये. पहिली हरिकेन 111 स्क्वाड्रनला मिळाली त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. स्पिटफायरचा पत्र्याचा, लंबवर्तुळाकार पंख बनवताना कारखान्यांच्या नाकी नऊ आले, आणि ते 19 स्क्वाड्रनकडे पोचलं ऑगस्ट 1938 मध्ये. म्युनिचचा पेच, म्हणजे चेकोस्लोव्हाकियावरून जर्मनीशी युद्ध पेटण्याची वेळ, आला सप्टेंबर 1938 मध्ये. त्या महिन्यात युद्ध पेटलं असतं तर ब्रिटनकडे हरिकेनच्या मूठभर स्क्वाड्रन होत्या, स्पिटफायर नुकतंच येत होतं, आणि बाकी सगळा भार ग्लॅडिएटर, गाँटलेट, फ्युरी आणि डेमन या दुपंखी विमानांवर होता. त्यातलं सर्वांत चांगलं ग्लॅडिएटर. 1935 मध्ये त्याची मागणी नोंदवली नसती तर त्या जागी आणखी जुनं काही उभं असतं. म्हणून घोडचूक म्हणायला माझं मन धजत नाही. ज्यांना उशीर झाला असं म्हणायचं, त्यांनी 1931 च्या मागणीला इतका वेळ का लागला आणि वाफेच्या इंजिनावर एवढा भरवसा का ठेवला, हे विचारावं.

हरिकेन तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्या धडाचा मागचा भाग कापडाचाच आहे, आणि सुरुवातीच्या हरिकेनचे पंखही कापडाचे होते. ग्लॅडिएटरवर कापड शिवणारे हात आणि नळ्या जोडणारे हात हरिकेनलाही उपयोगी पडले.

आता वैमानिकांच्या जिवाचं. याचं उत्तर समोर कोण होतं त्यावर आहे, आणि इथे मी एकच उत्तर देणार नाही.

समोर जर्मनांचं बीएफ 109 हे एकपंखी लढाऊ विमान असेल तर उत्तर कठोर आहे. मे 1940 मध्ये बेल्जियमच्या हवाई दलाची ग्लॅडिएटर त्यांच्यासमोर गेली. वेगात ताशी दीडशे किलोमीटरचा फरक. वेगवान विमान ठरवतं की लढाई कधी सुरू करायची आणि कधी सोडून जायचं. हळू विमानाच्या हातात फक्त वळणं उरतं. बेल्जियन वैमानिक धैर्याने गेले आणि त्यांची फार हानी झाली. तिथे ग्लॅडिएटर पाठवणं अन्यायच होता, पण छोट्या देशाकडे दुसरं होतं काय?

समोर इटालियन फियाट सीआर 42 असेल तर चित्र बदलतं. तेही दुपंखी, वेगात ग्लॅडिएटरपेक्षा थोडं सरस, बंदुका दोन पण जाड गोळीच्या. ग्लॅडिएटर आणखी आखूड वळायचं. त्याचं भरलेलं वजन साधारण 2088 किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ 30 चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरवर 70 किलोच्या आसपास. हरिकेनमध्ये हाच भार 120 च्या पुढे जातो. भार जितका कमी तितकं वळण आखूड आणि धावपट्टीही आखूड लागते. पण माझ्या मते खरी सरशी रेडिओची होती. ग्लॅडिएटरच्या वैमानिकांना एकमेकांशी बोलता यायचं, सीआर 42 च्या बहुतेकांना नाही. 8 ऑगस्ट 1940 रोजी लिबियाच्या सीमेवर 80 स्क्वाड्रनच्या डझनाहून जास्त ग्लॅडिएटरनी वेगवेगळ्या उंचीवर थर लावून सीआर 42 च्या तुकडीला गाठलं, ते या बोलण्यामुळेच जमलं. याच स्क्वाड्रनचे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पॅट पॅटल यांनी ग्लॅडिएटरवर डझनाहून जास्त विमानं पाडली. आकड्यांबाबत मात्र सावध राहा. 28 फेब्रुवारी 1941 रोजी अल्बानियावर आरएएफने 27 विमानं पाडल्याचा दावा केला, इटालियन नोंदींत त्या दिवसाचं नुकसान त्याहून खूपच कमी आहे. घाईच्या लढाईत एकाच विमानावर दोघे-तिघे नेम धरतात आणि प्रत्येकाला ते आपलं वाटतं.

पूर्व आफ्रिकेत दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाची ग्लॅडिएटर एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत होती. तिथे मार्च 1941 मध्ये खाली डोंगर चढत होते त्यांत आपले मराठे होते, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. डोक्यावर इटालियन विमानं मोकळी फिरत नव्हती, त्यात या दुपंखी विमानांचा वाटा आहे. मराठी वाचकांनी ग्लॅडिएटरचा एवढा दुवा तरी लक्षात ठेवावा.

आता ज्या प्रसंगासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो तो. नॉर्वे, एप्रिल 1940. 263 स्क्वाड्रनची 18 ग्लॅडिएटर 24 तारखेच्या संध्याकाळी एचएमएस ग्लोरियस या विमानवाहू जहाजावरून उडून लेस्यास्कूग नावाच्या गोठलेल्या तळ्यावर उतरली. गावकऱ्यांनी बर्फ झाडून धावपट्टी काढली होती. 18 विमानांच्या 72 ब्राउनिंग, आणि त्यांच्याकडे बघायला शिकलेला आर्मरर (बंदुकांचा कारागीर) एकच. इंजिन सुरू करण्याच्या ट्रॉलीच्या बॅटऱ्या आल्या त्या चार्ज न केलेल्या, आणि त्यांचं ॲसिडच आलं नव्हतं. रात्री पारा उतरला. सकाळी पाहतात तर कार्ब्युरेटर गोठलेले आणि कंट्रोल ताठ. पहिली विमानं उठेपर्यंत मौल्यवान वेळ गेला आणि जर्मन बॉम्बर डोक्यावर आले. बहुतेक ग्लॅडिएटर बर्फावर उभी असतानाच बॉम्बने गेली. जी उठली ती लढली. दोन-तीन दिवसांत स्क्वाड्रनकडे उडण्यासारखं एकही विमान उरलं नाही.

हे वाचताना माझ्या पोटात कालवतं, कारण यातली प्रत्येक गोष्ट मी ओळखतो. ॲसिड नसलेली बॅटरी म्हणजे नुसता खोका. ॲसिड मिळालं तरी पहिलं चार्जिंग तासन् तास चालतं. दिवसा वितळलेलं पाणी बिजागऱ्यांत आणि केबलच्या पुलीत मुरतं आणि रात्री तिथेच गोठतं. कंट्रोल ताठ होतात ते असे. एकदा मी काम करत होतो त्या कंपनीचं विमान आडगावच्या धावपट्टीवर दोन दिवस अडकून पडलं. विमान ठणठणीत होतं. जमिनीवरच्या पॉवर ट्रॉलीचा प्लग आमच्या विमानाला बसत नव्हता आणि जोडपट्टी कुणी पाठवली नव्हती, एवढंच. आमचे प्रवासी चिडले, बाकी काही बिघडलं नाही. लेस्यास्कूगला वर बॉम्बर होते.

हीच 263 स्क्वाड्रन मेमध्ये परत ग्लॅडिएटरच घेऊन नॉर्वेच्या उत्तरेला, नार्विकजवळ बार्डुफॉस तळावर गेली. या वेळी धावपट्टी आधी साफ करून पाण्याचा निचरा केला होता, झाडीत विमानं लपवायला आडोसे केले होते, माणसं आणि सामान आधी पोचलं होतं. तेच विमान, तीच स्क्वाड्रन, आणि दोन आठवड्यांत दोन डझनांच्या आसपास शत्रूची विमानं पाडल्याचा दावा. माघारीच्या वेळी उरलेली ग्लॅडिएटर पुन्हा ग्लोरियसवर उतरवली. 8 जूनला शार्नहोर्स्ट आणि ग्नाइझनाऊ या जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियस बुडवलं. त्यात स्क्वाड्रनचे वैमानिकही गेले. एप्रिल आणि मे हे दोन महिने शेजारी ठेवा. विमान चांगलं की वाईट या वादात लोक पंख मोजतात, मी आधी बॅटरीचं ॲसिड आणि आर्मरर मोजतो.

माल्टाची गोष्ट आता सोपी होते. ती खरी आहे, पण सांगताना गोल केलेली आहे. नौदलाची काही सी ग्लॅडिएटर पेट्यांत बंद अवस्थेत माल्टात पडून होती. बेटावर लढाऊ विमानच नव्हतं, म्हणून एअर कमोडोर मेनार्ड यांनी ती मिळवली, जोडून घेतली आणि इतर कामांवरच्या वैमानिकांतून स्वयंसेवक घेतले. 11 जून 1940 रोजी इटलीचा पहिला हल्ला झाला त्या दिवशी ती उठली. जोडलेली विमानं तीनपेक्षा जास्त होती, पण एका वेळी उडण्याजोगी बहुधा तीन किंवा त्याहून कमी असत. ‘फेथ, होप, चॅरिटी’ ही या तीन विमानांची नावं नंतर रूढ झाली. 22 जूनला बर्जेस आणि वुड्स या दोघांनी एक इटालियन बॉम्बर पाडलं. जूनच्या अखेरीस हरिकेन यायला लागली. म्हणजे तीन विमानांनी बेट एकट्याने धरून ठेवल्याचा काळ तीनेक आठवड्यांचा. इटालियन बॉम्बर ग्लॅडिएटरपेक्षा वेगवान होते, मागून गाठणं अशक्य. बेटावर रडार होतं, त्यामुळे आधी खबर मिळायची, आणि वर चढून सूर मारला तरच गाठ पडायची.

माझ्या दृष्टीने माल्टाचे नायक फिटर, म्हणजे विमान दुरुस्त करणारे कारागीरही आहेत. ब्लेनहाइम बॉम्बरचं इंजिन मर्क्युरीच्याच कुळातलं, म्हणून त्यांनी ते ग्लॅडिएटरच्या नाकावर बसवलं, नाकावरचा फिरता पंखाही (प्रोपेलर) ब्लेनहाइमचा, तीन पात्यांचा. दुसऱ्या जातीच्या विमानाचं इंजिन बसवणं म्हणजे इंधनाच्या नळ्या, कंट्रोलचे दांडे, झाकणं, वजनाचा तोल, सगळं जुळवून घेणं आलं. बॉम्बहल्ल्यात, सुट्ट्या भागांशिवाय. यातल्या एन 5520 या विमानाचं धड सप्टेंबर 1943 मध्ये माल्टाच्या जनतेला अर्पण केलं गेलं, आणि ते आज व्हॅलेटातल्या फोर्ट सेंट एल्मोमध्ये ठेवलेलं आहे.

बाकी सेवेचं थोडक्यात. सगळी मिळून 747 ग्लॅडिएटर बनली. चीनने 1938 मध्ये जपानविरुद्ध वापरली, फिनलंडने 30 घेतली, स्वीडनच्या स्वयंसेवकांनी बर्फावर स्की लावून उडवली. मे 1941 मध्ये इराकच्या हब्बानिया तळाच्या वेढ्यात तर ती दोन्ही बाजूंना होती, कारण इराकी हवाई दलाकडेही तीच होती. 1940 च्या बॅटल ऑफ ब्रिटन या हवाई लढाईच्या वेळी 247 स्क्वाड्रन रोबरो या छोट्या गवताच्या तळावरून प्लिमथच्या गोदीवर पहारा करायची, कारण तिथून हरिकेन चालवणं अवघड होतं. आघाडीवरून काढल्यावरही हवामान खात्यासाठी ती रोज वर चढून तापमान आणि आर्द्रता मोजत राहिली, युद्ध संपत येईपर्यंत.

फोलंड 1937 मध्ये ग्लॉस्टर सोडून गेले आणि त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्या कंपनीचं पुढचं छोटं जेट म्हणजे नॅट. त्याचे डिझायनर पेटर वेगळे होते, पण नाव फोलंडचं. 1965 ला आपल्या हवाई दलात ज्याने नाव काढलं आणि 1971 ला श्रीनगरवर ज्याच्यातून निर्मलजितसिंग सेखों शेवटचे उडाले, तेच हे नॅट. आमचे उस्ताद आधी हवाई दलात नॅटवर होते. त्यांच्या तोंडी फोलंड हे नाव मी शिकाऊ असतानाच ऐकलं होतं.

पुन्हा कधी इंग्लंडला गेलात तर एवढं करा. आरएएफ म्युझियमच्या संग्रहात पूर्ण ग्लॅडिएटरखेरीज एन 5628 या विमानाचे अवशेषही आहेत. लेस्यास्कूगच्या बर्फावर उभ्या असलेल्या 18 पैकी ते एक. बर्फ वितळल्यावर तळ्याच्या तळाशी गेलं आणि 1968 मध्ये बाहेर काढलं. त्याच्या नळ्यांचे सांधे निरखून पाहा. पोलाद 28 वर्षं पाण्याखाली होतं आणि अजून ओळखू येतं. मग पूर्ण विमानाच्या खालच्या पंखाशी वाका, फ्लॅप आणि पंखाखालची बंदूक पाहा, आणि दोन तारा छेदतात तिथला तो ठोकळा. फोटो काढलात तर मला पाठवा, तारांच्या टोकांचे जवळून हवेत.